म्हणलं, विचारावं

माझं माहेर चितेगाव, पैठण रोडचं. आता तिथं रस्त्याच्या दोन्ही अंगाला कंपन्याच कंपन्या झाल्या, पण माझ्या लहानपणी तिथं कपाशी अन् बाजरी डोलायची, अन् आमचं घर म्हणजे खाऊनपिऊन सुखी, लई मोठं नाय अन् लई बारीक बी नाय, दोन बैलजोड्या, एक म्हैस, आम्ही चार बहिणी अन् एक भाऊ, त्याच्यात मी तिसरी, द्वारका. नाव आत्यानं ठेवलं. आवाज माझा तव्हापासूनच मोठा, मी अंगणात बोलले की वावरात वडलांना, दादांना, ऐकू जायचं, म्हणून आई मला सारखी दबकवायची, हळू बोल गं, लोक म्हणतील भांडायलीय.

आई बोलण्याला लई जपून. शेजारी विरजण मागायला पाठवायची तव्हा शिकवून पाठवायची, की दारात उभं राहायचं, एकदम द्या म्हणायचं नाय, आधी म्हणायचं, म्हणलं काकू, विरजण हाय का जरासं. आता हे म्हणलं कुठून आलं, कव्हा म्हणलं, कुणाला म्हणलं, असं कुणी विचारत नाय. तुम्ही बी म्हणताच की ताई, आत्ता दारात आल्या तव्हा काय बोलल्या, म्हणलं द्वारकाबाई घरी हायेत का. ते म्हणलं म्हणजे कसं, की मी आधी माझ्या मनाशी बोलले, मग तुमच्या दारात आले, तुम्हाला जमलं तर द्या अन् नाय जमलं तर मी काय मागितलंच नव्हतं, नुसतं मनाशी म्हणलं होतं. एवढं सगळं त्या एका शब्दात येतं. अन् दुसरं आईचं, निघालेल्या माणसाला कुठं चालला म्हणून हटकायचं नाय, हटकलं की काम होत नाय म्हणायची. दादा रुमाल झटकून निघाले की ती विचारायची, यायला उशीर व्हईल का. त्याच्यातच ते कुठं चालले ते तिला कळायचं. तर विचारणं मी अशी शिकले, आईपाशी.

इंग्रजी नाय शिकले. शाळंत सर धडा वाचायचे अन् आम्ही मागून ओरडायचो, व्हॉट इज धिस, धिस इज अ पेन, अन् मला कायम वाटायचं की पेन तर सरांच्या हातात दिसायलाय, मग विचारायचं कशाला. दहावीला इंग्रजीत नापास झाले. दादा म्हणले राहू दे, स्थळ आलंय. स्थळ चांगलं होतं, आमचे मालक वाळूजला कंपनीत, बजाजनगरात दोन खोल्या, मी लग्न होऊन इकडं आले ती इथलीच झाले. लेकरं शाळंत जायला लागली तव्हा गल्लीतली रेखा म्हणली, द्वारकाताई, रबराच्या रिंगांच्या कंपनीत चेकिंगला बाया घ्यायलेत, येता का, अन् मी गेले, त्याला वीस वर्षं झाली.

काम काय सांगू तुम्हाला, दिसायला काहीच नाय. काळ्या रबराच्या रिंगा, बांगडीएवढ्या, पंपात बसतात, त्याच्यानं पाणी गळत नाय. ती रिंग दिव्याखाली धरायची, अंगठा अन् बोटाच्या मधी फिरवायची, बुडबुडा हाय का, चरा हाय का, कुठं जास्तीचं रबर हाय का, असं बघायचं अन् टाकायची, मग दुसरी. डोळ्याच्या आधी बोटाला कळतं. पन्नास रिंगांची एक थप्पी, ती जाड प्लास्टिकच्या पाकिटात घट्ट बंद करायची, पाकिटाच्या कोपऱ्याला फाडायची खाच असते. आम्ही चौदा जणी त्या टेबलावर, अन् मी सगळ्यात जुनी. हातात बांगड्या सगळ्यांच्याच, त्याच्यावरून कोपरापर्यंत कापडी बाह्या चढवायच्या, म्हणजे बांगडी मालाला लागत नाय, असा नियमच होता.

तर असं चाललं होतं अन् कंपनीला परदेशातलं एक मोठं गिऱ्हाईक मिळालं, त्यांचा साहेब बघायला आला. उंच लई, आमच्या दारातून वाकून आला. नाव आम्हाला म्हणता येईना म्हणून आम्ही त्याला उंच साहेबच म्हणायचो. तो आमच्या टेबलापाशी आला अन् उभाच राहिला, खाली बघायला त्याला कंबरेत मोडायला लागायलं, मला काय ते बघवेना. घरी पाहुणा उभा राहिला तर आपण काय करतो, बसा म्हणतो ना. आमचे मॅनेजर साहेब फोनवर बोलायले होते, बाकीच्या पोरी माना खाली घालून, मग मीच म्हणलं चला, आपली दहावीपर्यंतची इंग्रजी हाय, अन् आईनं शिकवल्यासारखं अदबीनं विचारलं. आय सेड, यू सिट. तो माझ्याकडं बघायला लागला. मला वाटलं मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नाय, मग आणखी मोठ्यानं, आय सेड, यू सिट! अन् स्टूल पुढं केलं. तो बसला बिचारा, धाडकन. सॉरी, सॉरी म्हणायला लागला. म्हणलं सॉरी काहून म्हणायलाय हा, मग चहाचं विचारलं, आय सेड, यू टेक टी? तर तो लालच झाला अन् उठून मॅनेजर साहेबाकडं गेला.

संध्याकाळी मला आत बोलावलं. मॅनेजर साहेब म्हणले, बाई, तुम्ही पाहुण्यावर काहून ओरडल्या? मी म्हणलं, ओरडले नाय साहेब, बसा म्हणलं, चहाचं विचारलं. ते म्हणले, तो मला विचारायलाय की माझं काय चुकलं म्हणून त्या बाई ओरडल्या. अन् मग म्हणले, ह्यापुढं पाहुणे आले की तुम्ही मागं उभं राहायचं, तोंड उघडायचं नाय. आता वीस वर्षांत मला कुणी तोंड उघडू नका म्हणलं नव्हतं. सासूनं बी नाय. माझ्या जिवाचा संताप झाला, अन् त्याच्याहून वाईट म्हणजे माझं काय चुकलं ते मलाच कळंना. बसा म्हणण्यात काय चुकलं?

हे झालं अन् दोन महिन्यांत त्या गिऱ्हाइकाकडून पेट्या परत आल्या. रिंगांवर चरे हायेत म्हणून. एकदा आल्या, दुसऱ्यांदा आल्या. मीटिंगा झाल्या, वरून माणसं आली, अन् शेवटी कुणीतरी म्हणलं, चेकिंगच्या बायांच्या बांगड्या. झालं, ठरलं. दुसऱ्या दिवशी गेटवर खोकं ठेवलं अन् वॉचमनला सांगितलं की बांगडी घालून बाई आत सोडायची नाय. बाह्या असतात, बांगडी लागत नाय, हे कितीदा सांगितलं, कुणी ऐकलं नाय. अन् पुढचं ऐका, असंच चालू राहिलं तर तीन महिन्यांनी चेकिंगला कॅमेऱ्याचं मशीन बसवणार अन् हे टेबल बंद करणार. चौदा जणींचं काम. रेखाचा मालक अंथरुणाला खिळलेला, दोघी जणी एकटीच्या जिवावर घर चालवणाऱ्या, त्या कुठं जाणार होत्या?

गेटवर बांगड्या काढताना रेखा रडली. मी नाय रडले, मला लाज वाटली. त्या रविवारी शहरात शहागंजच्या बाजारात गेले होते भाजीला, तिथं आमची बांगड्यावाली खाला हाय, लग्नापासून तिच्याकडंच भरते मी. तिनं माझे हात बघितले अन् आधी माझ्या कपाळाकडं बघितलं, कुंकू हाय का म्हणून. मग म्हणली, क्या हुआ आपा, हात सुन्ने काइकू रखे, सब खैरियत है ना? मी म्हणलं, खैरियत है खाला, कंपनीवालोंने निकालने लगाया. ती म्हणली, काइकू, बांगडी ने क्या बिगाडा उनका? मी पिशवी उचलली अन् घरी आले.

पण मी त्या परत आलेल्या रिंगा बघितल्या होत्या ताई. हातात घेऊन, बोटानं. चरा कसा होता, सरळ, बारीक, ब्लेडनं ओढल्यासारखा, अन् सगळे चरे एकाच जागी. अन् पाकिटातली फक्त वरची रिंग, नाय तर फार तर दुसरी. खालच्या अठ्ठेचाळीस चकाचक. आता मला सांगा, बांगडी काय वरची रिंग बघून चरा पाडते? आम्ही तर रिंग हातात घेतो तव्हा कोणती वर जाणार, कोणती खाली जाणार ते ठरलेलं बी नसतं. तर हा चरा पाकीट बंद झाल्यावरचा हाय, पाकीट उघडणाराचा हाय, हे मला सूर्यप्रकाशासारखं लख्ख दिसत होतं. मी मॅनेजर साहेबाला सांगितलं, साहेब, ते तिकडं पाकीट कशानं उघडतात तेवढं विचारा. ते म्हणले, बाई, गिऱ्हाइकाला उलटं विचारायचं असतं का? तुमच्याच माणसाची चूक हाय म्हणायचं का त्याला? अन् तुम्ही तर नकाच विचारू, तुमची इंग्रजी ऐकली आम्ही. बाहेरचे दोघं तिघं हसले. त्या हसण्यावर मी मनात गाठ मारली, की विचारणार तर मीच विचारणार, अन् असं विचारणार की कुणाला लागणार नाय.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगीत जोशी काकू राहतात, मुलाकडं. त्या टेलिफोनच्या हापिसात होत्या, जुन्या काळी ट्रंक कॉल लावून द्यायच्या तिथं. दिवसभर कानाला यंत्र लावून बसायचं अन् परगावचं, परदेशातलं, कुणाकुणाशी इंग्रजीत बोलायचं. वेरूळ बघायला आलेले गोरे लोक हॉटेलातून फोन मागायचे अन् लाइन लागली नाय की काकूंना शिव्या द्यायचे, अन् काकू शिव्या ऐकून म्हणायच्या, कुड यू प्लीज होल्ड द लाइन. मी त्यांच्या दारात गेले अन् म्हणलं, काकू, मला शिकवता का इंग्रजीत विचारायला, पण सगळी इंग्रजी नको, नुसतं विचारायचं, अन् अदबीनं विचारायचं. त्या म्हणल्या, ये, बस, काय झालं ते आधी सांग.

मी सगळं सांगितलं. आय सेड यू सिट पाशी आले अन् काकू हसायला लागल्या, इतक्या हसल्या की चष्मा काढून ठेवला. म्हणल्या, अगं द्वारका, तू त्याला झापलंस. आय सेड म्हणजे, एकदा सांगितलं ना तुला, बस म्हणून! मास्तर पोराला म्हणतो तसं. मी म्हणलं, पण काकू, मी तर आपलं नेहमीचं ते म्हणलं तेवढंच इंग्रजीत म्हणले. काकू म्हणल्या, तेच तर, आपलं म्हणलं इंग्रजीत नेलं की त्याच्या हातात छडी येते. तव्हा मला कळलं, तो बिचारा सॉरी सॉरी काहून करत होता. मला बी हसू आलं, अन् हसता हसता डोळ्यात पाणी आलं, कारण एवढ्या एका शब्दापायी मला तोंड उघडू नका म्हणले होते.

मग रोज ड्यूटीवरून आले की अर्धा तास काकूंकडं. पहिला धडा आवाजाचा. म्हणल्या, तू वावरात बोलतेस, खोलीत बोल. मग कॅन नको, कुड म्हण. मी म्हणलं, कुड म्हणजे काय? त्या म्हणल्या, कॅनचा भूतकाळ. मी म्हणलं, अहो पण अजून काही झालंच नाय तर भूतकाळात काहून बोलायचं? काकू विचारात पडल्या. म्हणल्या, बघ, म्हणजे दोन पावलं मागं सरकून विचारायचं, समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवायची. मग त्यांनी एक लांबलचक शिकवलं, आय वॉज वंडरिंग, म्हणजे मी मनाशी विचार करत होते की. अन् मी एकदम उठून उभी राहिले. म्हणलं, काकू, हे तर आमचं म्हणलं हाय! मनाशी बोलले, मग तुमच्या दारात आले, जमलं तर द्या. आईनं विरजणाला शिकवलेलं हेच हाय की! काकू म्हणल्या, द्वारका, जन्म गेला माझा हे म्हणण्यात, मला कधी सुचलं नाही. त्या दिवशी त्यांनी मला स्वतःच्या हातानं शिरा करून खाऊ घातला.

त्या दिवसापासून मला इंग्रजी परकी वाटंना. त्याही लोकांना आया असतील, त्यांनी बी दारात उभं राहायला शिकवलं असंल.

पण एक धडा लई वंगाळ, वुड यू माइंड. त्याचा अर्थ तुमची हरकत नाय ना. अन् ह्याचं उत्तर उलटं येतं, नो म्हणलं तर होकार अन् येस म्हणलं तर नकार. मी घरी मालकावर सराव केला. ते जेवायला बसले होते, म्हणलं, वुड यू माइंड ओपनिंग द डोअर? ते म्हणले येस येस, अन् उठले. म्हणलं, बसा खाली, येस म्हणल्यावर उघडायचं नसतं. ते म्हणले मग नो. म्हणलं, आता उठा. ते म्हणले, असली कसली भाषा हाय गं ही, भाकरी खाऊ दे मला. पण दार उघडलं त्यांनी, अन् पुढं पुढं तर त्यांना नादच लागला, चहा देऊ का म्हणलं की म्हणायचे, नो, नॉट ॲट ऑल, अन् मी चहा दिला नाय की रुसायचे, कारण ते वाक्य वुड यू माइंडलाच चालतं, चहाला चालत नाय. शहागंजात खालाला बी एकदा विचारलं, ती म्हणली, क्या बोल रई आपा, तबियत ठीक है ना?

काकूंनी शेवटी मला एकच वाक्य बांधून दिलं अन् म्हणल्या, हे घोटायचं. भाकरी थापताना, बसमधी, रिंग फिरवताना, मी तेच म्हणायची. काकू म्हणल्या, तू चूक कोणाची असं विचारायचंच नाही. तू फक्त त्याला म्हणायचं, दाखवता का. अन् एकदा विचारलं की गप्प बसायचं, द्वारका. आम्ही ऑपरेटर लोक लाइन लावली की मधे बोलत नव्हतो. हे गप्प बसणं मला कुडपेक्षा जड गेलं, खरं सांगते.

उंच साहेब परत आला, ह्या वेळेला चऱ्यांचा निकाल लावायलाच. तीन महिने भरत आले होते. सकाळीच मला निरोप, द्वारकाबाईंनी आज मागच्या रांगेत थांबायचं. मी थांबले. टेबलावर बाकीच्या तेरा जणींचे सव्वीस हात मोकळे. मॅनेजर साहेब त्याला दाखवायले, सी सर, नो बँगल्स, नाऊ नो प्रॉब्लेम. अन् तो मान हलवून म्हणायला लागला की बट लास्ट लॉट, सेम प्रॉब्लेम. म्हणजे बघा, बांगड्या काढल्या तरी चरे होतेच! अन् तरी कुणी विचारंना. मॅनेजर साहेबांनी कॅमेऱ्याच्या मशीनचा कागद काढला. रेखानं मागं वळून माझ्याकडं बघितलं. म्हणलं द्वारका, आज नाय तर मग कव्हाच नाय.

मी पुढं गेले. मॅनेजर साहेबांनी डोळे मोठे केले, मी त्यांच्याकडं बघितलंच नाय. हात पोटाशी धरले अन् खोलीतल्या आवाजात म्हणलं, एक्सक्यूज मी सर. आय वॉज वंडरिंग. वुड यू माइंड शोइंग अस, हाऊ यू ओपन द पॅकेट देअर?

अन् गप्प बसले.

तो माझ्याकडं बघायला लागला. त्यानं ओळखलं मला, स्टुलावाली बाई म्हणून, ते मला दिसलं. मग म्हणला, नो. नॉट ॲट ऑल.

ते नो ऐकलं अन् आमच्या सगळ्या पोरींची तोंडं उतरली. रेखानं तर तोंडाला पदर लावला. त्यांना वाटलं नाय म्हणला, संपलं. फक्त मला अन् मॅनेजर साहेबाला ठाऊक की तो हो म्हणलाय. मी पटकन एक पाकीट पुढं केलं. त्यानं पॅकिंगच्या टेबलावरचं कटर उचललं, पाकीट आडवं धरलं, अन् वरून सर्रकन एकच रेघ ओढली, आपण पिशवी कापतो तशी, लई सवयीचा हात. तिकडं सगळे असंच करतात म्हणला, फास्ट. अन् वरची रिंग काढून माझ्या हातात दिली.

मी काही बोलले नाय ताई. काकूंची आण. जिभेवर आलं होतं, बघ, बघ हा चरा, बांगडी हाय का ही! पण मी रिंग अंगठ्याखाली नुसती फिरवली, थांबले, अन् ती परत त्याच्या हातात दिली. त्यानं बी तसंच केलं, माझं बघून, अंगठ्यानं फिरवली. फिरवता फिरवता त्याचा अंगठा थांबला. दिव्याखाली धरली. मग दुसरं पाकीट मागितलं अन् माझ्याकडं बघून म्हणला, कुड यू प्लीज? म्हणजे मला! मला कुड यू प्लीज म्हणला! मी खाचेपाशी धरून पाकीट हातानं फाडलं, वरची रिंग त्याला दिली. त्यानं पुन्हा फिरवली. चकाचक. दोन्ही रिंगा दोन हातात धरून बघितल्या, अन् पुन्हा लाल झाला, पण ह्या वेळेला माझ्यामुळं नाय. म्हणला, थँक यू फॉर आस्किंग. अन् मग स्वतःहून स्टूल ओढलं अन् बसला.

मी म्हणलं, वुड यू लाइक सम टी, सर? तो म्हणला, येस, प्लीज. ह्याला येस म्हणजे येसच असतं.

तक्रार मिटली. आता पाकिटावर कटरचं चित्र छापतात अन् त्याच्यावर फुली. मशीनचा कागद कुठं गेला, कुणी काढला नाय पुन्हा. मॅनेजर साहेब म्हणले, बरं झालं वेळेवर लक्षात आलं. कुणाच्या लक्षात आलं ते नाय म्हणले. मला लागलं ते, खोटं कशाला बोलू. पण बांगड्यांचं काय, तो विषय कुणीच काढंना. आठ दिवस गेले, गेटवरचं खोकं तिथंच. पोरी म्हणायला लागल्या, ताई, तुम्ही आता इंग्रजीत सुदिक विचारता, साहेबाला विचारा ना, बांगड्या घालू का. मी रात्रभर नाय, एक डबा खाईपर्यंत विचार केला, अन् म्हणलं, हे विचारायचं नाय. विचारलं म्हणजे तो हो म्हणंल नाय तर नाय म्हणंल, म्हणजे आपल्या बांगड्या त्याच्या हातात गेल्या. बाह्यांचा नियम आधीपासून हाय, तो कुणी मोडला नव्हता. दोष बांगडीचा नव्हता, मग परवानगी कशाची?

रविवारी आम्ही चौदा जणी शहागंजात गेलो. खालाच्या दुकानापुढं ही गर्दी. ती एकेकीचा हात हातात घेऊन म्हणायची, ढिल्ला छोडो, ढिल्ला छोडो, अन् हिरव्या बांगड्या चढवायची. माझा हात घेतला तव्हा म्हणली, पूछ लिया कंपनीवालोंकू? मी म्हणलं, नहीं खाला. ती हसली अन् एक बांगडी वरून जास्तीची भरली.

सोमवारी सकाळी बस गेटवर थांबली, चौदा जणी उतरलो, अन् चालताना जो आवाज होत होता ना ताई, किणकिण किणकिण, मला अजून ऐकू येतो. वॉचमन खोकं घेऊन उभा. म्हणला, द्वारकाताई, साहेबाला विचारलं का? मी म्हणलं, नाय विचारलं. एवढंच. अन् हे म्हणलं मनातलं नव्हतं, हे खरंखुरं म्हणलं होतं, काकूंनी सांगितलेल्या आय सेडसारखं. त्यानं खोकं बाजूला सरकवलं.

आम्ही बसलो, बाह्या चढवल्या, काम चालू केलं. थोड्या वेळानं मॅनेजर साहेब आले. टेबलापाशी उभे राहिले, आमच्या हातांकडं बघितलं, बाह्यांखाली बांगड्यांचा उठाव दिसत होताच. सगळ्या जणी थांबल्या. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं, अन् मला म्हणले, म्हणलं द्वारकाबाई, चहा झाला का.

मी म्हणलं, व्हय साहेब, झाला. बसा. अन् स्टूल पुढं केलं.

तर असं हाय. टेबलाची लीडर काय मला केलं नाय, दहावी नापास म्हणून, पण पाहुणे आले की आता मीच पुढं असते. डब्याच्या सुट्टीत चार पोरी माझ्याकडं इंग्रजी विचारणं शिकायलेत, रेखा बी हाय त्याच्यात, तिची वुड यू माइंडची गाडी अजून उलटीच चालायलीय. काकूंना आता ऐकायला कमी येतं, तरी मी रोज जाते, त्यांच्या कानापाशी वावरातला आवाज काढावा लागतो, त्या म्हणतात, द्वारका, आता ओरडलीस तरी चालंल, मला. देव त्यांना लई आयुष्य देवो.

तुम्ही निघाल्या का ताई? कुठं म्हणून हटकत नाय मी. तुम्हाला काय कुणाला विचारायचं असंल ना, तर पोटात ठेवून मरू नका, आवाज जरा खाली आणा, दोन पावलं मागं सरका, अन् विचारा. सुखी राहा. अन् थांबा, म्हणलं, चहा घेऊन जाता का?